नकाशे तीस, फाइल एक

प्रश्न : आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. एका ऑर्डरची तीस ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये केली. ग्राहक म्हणतो, सगळी एकाच पीडीएफमध्ये पाठवा. एकेक प्लॉट करून जोडली, तर १ नंतर १०, ११, १२ असं येत गेलं आणि २ नंबर कितीतरी पानं मागे पडला. फोल्डरमध्ये तर क्रम बरोबर दिसतो. मग बिघडतं कुठे?
— एक वाचक, कारेगाव, ता. शिरूर

उत्तर : बिघडत काही नाही, दोन प्रोग्रॅम दोन तऱ्हेने वाचतात एवढंच. विंडोजचं फोल्डर नावातला आकडा आकडा म्हणूनच घेतं. फाइली जोडणारे बरेच प्रोग्रॅम मात्र नाव डावीकडून एकेक चिन्ह करत वाचतात. त्यांना ‘१०’ मध्ये आधी १ दिसतो आणि ‘२’ मध्ये आधी २. एक दोनच्या आधी, म्हणून दहाही दोनच्या आधी. नावं ०१, ०२, ०३ अशी ठेवा, शंभरावर जाणार असतील तर ००१ पासून सुरुवात करा, की हा घोळ संपला.

पण मुळात एकेक प्लॉट कशाला करता? ऑटोकॅडमध्ये ‘पब्लिश’ नावाची कमांड आहे. ती दिली की एक यादी उघडते. तीत हव्या त्या डीडब्ल्यूजी फाइली आणि त्यांचे लेआउट घालायचे, वर-खाली सरकवून क्रम लावायचा, पीडीएफ निवडायचं आणि ‘मल्टी-शीट’ला खूण करायची. तीस शीटची एक फाइल तयार. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या फाइलमध्ये मधेमधे कोरी किंवा भलतीच पानं येतात. फाइल यादीत घातली की तिच्या लेआउटबरोबर ‘मॉडेल’ही यादीत शिरतं, त्यामुळे हे होतं. तेवढ्या ओळी काढून टाका. यादी सेव्ह करून ठेवता येते. पुढच्या वेळी ड्रॉइंगमध्ये बदल झाला तर तीच यादी उघडून पुन्हा एकदा बटण दाबायचं.

बटण दाबण्याआधी प्रत्येक लेआउटचं पेज सेटअप एकसारखं आहे का, ते बघा. अर्ध्या शीट काळ्या रेषांच्या आणि अर्ध्या रंगीत, असा संच आला की समजावं, प्लॉट स्टाइल कुठे लावली आहे आणि कुठे राहिली आहे. पिवळी रेषा काळ्या स्क्रीनवर छान दिसते; पांढऱ्या कागदावर ती असून नसल्यासारखी. ‘एसएचएक्स’ जातीचे फॉन्ट वापरले असतील तर ती अक्षरं पीडीएफमध्ये रेषा म्हणून उमटतात, त्यामुळे पार्ट नंबर टाइप करून शोधायला गेलं की सापडत नाही. ग्राहकाला शोध लागत असेल तर ट्रूटाइप फॉन्ट बरा.

सॉलिडवर्क्स वापरणाऱ्यांचं काम सोपं. एका ड्रॉइंग फाइलमध्ये कितीही शीट असल्या तरी पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ‘सगळ्या शीट’ म्हटलं की झालं. फाइली वेगवेगळ्या असतील तर आधी वेगवेगळ्या पीडीएफ काढून मागाहून जोडाव्या लागतात. त्यासाठी पीडीएफसॅमसारखे फुकट प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालतात. इंटरनेटवरच्या ‘फाइल टाका, जोडून घ्या’ छापाच्या साइटवर ग्राहकाची ड्रॉइंग चढवू नका. रांजणगावातल्या मोठ्या कंपन्या व्हेंडरकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. ती सही करून त्यांचंच ड्रॉइंग अनोळखी सर्व्हरवर ठेवायचं, याला काय म्हणावं! प्रिंट काढून, स्कॅन करून एकत्र करण्याचा धोपटमार्गही सोडा. फाइल फुगते, बारीक रेषा तुटतात आणि ३ चा ८ वाचला जातो.

एक शीट मात्र संगणक आपण होऊन करून देणार नाही : पहिली, म्हणजे अनुक्रमणिका. ड्रॉइंग नंबर, नाव, रिव्हिजन आणि तारीख. तीस पानं एकत्र बांधली म्हणून ती एका संचाची होत नाहीत. सातव्या पानावर रिव्हिजन बी आणि त्याला बसणाऱ्या आठव्या पानावरच्या भागाची रिव्हिजन अजून ए, असा संच शॉपमध्ये गेला तर भोकं जुळणार नाहीत आणि पत्रा भंगारात जाईल. डिजिटल सही करायची असेल तर ती सर्वांत शेवटी. सही केलेली पीडीएफ दुसऱ्या फाइलीत जोडली की त्या सहीला अर्थ उरत नाही.

प्रश्न : मी कुरकुंभच्या केमिकल प्लांटमध्ये पाइपिंग कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतो. दोनशेच्या वर आयसोमेट्रिक ड्रॉइंग आहेत. सगळ्यांची एक फाइल करावी का?
— एक वाचक, ता. दौंड

उत्तर : माझं मत विचाराल तर करू नये. पाइपिंगमध्ये सहसा एका लाइनचं एक आयसोमेट्रिक असतं, लाइन लांब असली तर दोन-तीन शीट. साइटवर रोज कुठली तरी लाइन बदलते : नोझलची जागा सरकते, सपोर्ट आडवा येतो. दोनशे पानांची एकच फाइल केली, तर एका लाइनसाठी अख्खं बाड नव्याने पाठवावं लागेल. मग फिटरच्या फोनवर एकाच नावाच्या चार फाइली जमतात आणि वेल्डर कुठली उघडेल याचा नेम नसतो.

बाड बांधायचंच तर कामाच्या तुकड्याप्रमाणे बांधा. तुमच्या धंद्यात त्याची सोय आधीपासून आहे, ती म्हणजे टेस्ट पॅक. हायड्रो टेस्टला एकत्र घ्यायच्या लाइनी, त्यांच्यावर खूण केलेला पीअँडआयडी, त्या लाइनींची आयसोमेट्रिक आणि जोडांची नोंद, एवढं एका फाइलमध्ये. पीअँडआयडी मोठ्या शीटवर आणि नोंदीचे तक्ते ए-४ वर असले तरी चालतं. पीडीएफमधलं प्रत्येक पान आपापल्या आकाराचं राहू शकतं.

गडबड होते ती छापताना. ए-१ शीट ए-३ वर छापली की लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या होतात. कागदाच्या या आकारांत बाजूंचं प्रमाण १ ला २ चं वर्गमूळ असं ठेवलेलं आहे, म्हणून एक पायरी उतरली की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि दोन पायऱ्या उतरलं की लांबी. म्हणजे १:५० चा नकाशा कागदावर १:१०० झाला, पण टायटल ब्लॉकमध्ये १:५० तसंच राहिलं. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ निवडलं असेल तर तेवढंही साधं गणित उरत नाही. स्केलच्या ड्रॉइंगवर एक स्केलपट्टी काढून ठेवावी. कागद लहान झाला की तीही त्याच प्रमाणात लहान होते. आयसोमेट्रिक तर मुळात स्केलवर काढतच नाहीत. त्यावर पट्टी लावणाऱ्या नव्या पोरांना तिथल्या तिथे थांबवा. लिहिलेलं माप तेच खरं.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कामाच्या नकाशावर मराठीत नावं लिहिली. माझ्या संगणकावर दिसतात, पीडीएफमध्ये चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात.
— एक सिव्हिल ड्राफ्ट्समन, न्हावरे, ता. शिरूर

उत्तर : ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते. टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला यूआयसारखा युनिकोड फॉन्ट द्या. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये बरोबर दिसला, तरी कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. तो पुन्हा टाइप करणंच बरं. पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्याच्या संगणकावर उघडून वेलांट्या आणि जोडाक्षरं तपासा.

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत गडद निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांचे नकाशे सापडले. हा निळा रंग कशासाठी? आणि त्यांचीही एक फाइल करता येईल का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : निळा रंग कुणी हौसेने निवडला नव्हता, तो रसायनाचा. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ही पद्धत शोधली. कागदाला लोहाच्या क्षारांचं मिश्रण लावायचं, वर ट्रेसिंग ठेवायचं आणि उन्हात धरायचं. जिथे प्रकाश पोचतो तिथे प्रशियन निळा तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. काळ्या शाईच्या रेषेखाली प्रकाश पोचत नाही. कागद धुतला की तिथला लेप निघून जातो आणि रेषा पांढरी राहते. इंजिनिअरांच्या कचेऱ्यांत ही पद्धत १८७० च्या दशकात शिरली. दौंड-मनमाड लोहमार्गही त्याच सुमाराचा, १८७८ चा.

धुऊन वाळवताना कागद कमी-जास्त आक्रसतो. त्यामुळे अशा नकाशावरही पट्टी लावून माप घेण्यात अर्थ नसे. पुढे अमोनिया प्रिंट आली, पांढरट कागदावर गडद रेषांची. जुन्या ड्राफ्ट्समनना तिच्या वासाची आठवण असेल. मग मोठ्या झेरॉक्स आल्या आणि त्यांच्यामागून प्लॉटर.

फाइल जरूर करा. मोठे नकाशे सपाट टेबलावर पसरून वरून सरळ फोटो घ्या, किंवा पुण्यात मोठ्या आकाराचं स्कॅनिंग करणाऱ्याकडे न्या. घड्या जबरदस्तीने दाबू नका. प्रत्येक पानाला नंबर, मूळ कागदाची लांबी-रुंदी आणि टायटल ब्लॉकमधली तारीख लिहिलेली यादी पहिल्या पानावर ठेवा. मूळ नकाशे उन्हात टांगू नका, प्रकाशाने निळा रंग फिका पडतो. फिका पडलेला रंग काही दिवस अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो, पण त्या भरवशावर राहू नका. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, ते पुन्हा काढता येत नाही.