तोंड पाठ, दिसते शेपूट

१. धामण ओळखायची तर शेपटीकडून सुरुवात करावी, हे मला पुस्तकांनी नाही, हळदीच्या सरीने शिकवलं. ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा, टपोरे डोळे, गोल बाहुली, सगळं पाठ होतं. पण आमच्या वसमतकडे सरीतून निघालेलं जनावर तोंड दाखवायला थांबतंय कुठे! बांध ओलांडेपर्यंत दिसतो तो मागचा भाग. नशीब की तिच्या काळ्या आडव्या पट्ट्यांची नक्षी तिथेच ठळक असते.

२. रंगावर भरवसा नाही. कुणी पिवळसर, कुणी शेवाळी, कुणी काळपट. त्यात सहा-सात फुटांची लांबी पाहिली की माणसाला नागच आठवतो. आणि फणा न काढलेला नाग लांबून तसाच दिसतो. बाहुली त्याचीही गोल. मान बघावी. धामणीची बारीक, डोकं वेगळं कळतं. नागाचं डोकं नि मान जवळपास सलग. हे मी छातीठोकपणे लिहितोय खरा, पण शेतात दहा पावलं मागूनच बोलतो. शंका आली की सर्पमित्राला फोन, तोवर लांबून नुसती नजर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मारणं गुन्हाच आहे.

३. कोंडीत सापडली की ती गळा फुगवते, गुरगुरते, चावतेही. विष नसतं. तरी कुणाला पान लागलं तर जनावर कोणतं यावर चर्चा करत बसू नये, दवाखाना गाठावा.

४. म्हशीच्या पायाला विळखा घालून ती दूध पिते, हे आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की खोटं म्हणताना आजीचाच अवमान वाटतो. सापाला चोखताच येत नाही. गोठ्यात पेंड, पेंडीला उंदीर, उंदरांमागे ती. दूध कमी भरलं की धामणीचं नाव घेणं सोपं. धार काढणाऱ्याचं कोण घेणार?

५. दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिल्या की आपल्याकडे त्यांचा जोडा समजून वर नवं कापड टाकतात, मग ते बरकतीचं म्हणून जपून ठेवतात. असे उभे राहिलेले बहुधा दोन्ही नर असतात. चावाचावी नाही, दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं, एवढाच डाव. आखाड्यावर हे सांगितलं तेव्हा एक काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे माझा कोरा पटका कुस्तीवर गेला म्हणायचा!’’