मुंबई ते लंडन : घड्याळाचा हिशेब

आमच्या गावच्या एका आजींचा मुलगा लंडनला नोकरी करतो. जानेवारीत तो मुंबईहून दुपारी १ वाजता निघाला आणि लंडनला संध्याकाळी ५॥ वाजता पोचला. 'म्हणजे साडेचार तासांची वाट,' असं आजींनी मनात धरलं.

डिसेंबरात तो परत यायला निघाला. "रात्री नऊला विमान सुटेल," असं त्यानं कळवलं होतं. आजी दिवा लावून बसल्या. रात्रीचा दीड वाजला, तरी निरोप नाही. पहाटे पाचला त्या रडत आमच्या दारी आल्या. "मास्तर, माझ्या लेकराचं विमान कुठं अडकलं हो?"

आम्ही पाटी घेतली आणि त्यांना हिशेब मांडून दाखवला. तुम्हीही पाहा.

मुंबईहून लंडन हवाई मार्गानं सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाला जायला सुमारे १० तास लागतात. मग आजींना साडेचारच का वाटले?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, लंडनला मागाहून. हिवाळ्यात आपलं घड्याळ लंडनच्या पुढे ५॥ तास असतं. उन्हाळ्यात तिथले लोक आपली घड्याळं एक तास पुढे करतात. तेव्हा फरक ४॥ तास उरतो.

आता जाण्याचा हिशेब. दुपारी १ वाजता निघालं, १० तास उडालं. आपल्याकडे रात्रीचे ११ वाजले. त्यातून ५॥ तास वजा करा. लंडनला संध्याकाळचे ५॥.

येण्याचा हिशेब उलटा. लंडनच्या रात्री ९ ला आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे २॥ वाजलेले असतात. येताना सुमारे ९ तास लागतात. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो येताना पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो. २॥ मध्ये ९ मिळवा. सकाळचे ११॥ झाले.

"आजी, दीड वाजता तुम्ही घाबरलात, तेव्हा विमान सुटलंच नव्हतं. आत्ता ते वाटेत आहे. घरी जा, चार घास खा."

दुपारी मुलाचा फोन आला. तो सुखरूप उतरला होता.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. त्याला कैरो आणि जिनिव्हा इथं थांबावं लागलं. आता विमान न थांबता थेट जातं.

परगावी गेलेल्या माणसाची वेळ कळली तर विचारावं, "ही वेळ कुठल्या घड्याळाची?" एवढं विचारलं की निम्मी काळजी मिटते.

हिशेब करा : हिवाळ्यात लंडनहून सकाळी १० ला विमान निघालं. ९ तास लागले. मुंबईत किती वाजता उतरेल? तारीख बदलेल का?

(उत्तर : रात्री १२॥ वाजता. तारीख बदलेल.)