हॅट कडेनेच उचल

बाळा, ड्रेपरीच्या पेट्या आता तुझ्या ताब्यात. पगड्या, उपरणी, शेले तू नीट सांभाळशील, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्या करड्या फेडोरा हॅटची. नव्या नाटकात गुप्तहेराची भूमिका आहे म्हणे, म्हणजे ती रोज बाहेर निघणार.

तिच्या माथ्याला पुढून दोन बाजूंनी चिमटे काढलेले असतात ना, नटाचा हात नेमका तिथेच जातो. सिनेमात तसंच बघितलेलं असतं. तिथे हात लावू द्यायचा नाही. फेल्ट विणलेलं नसतं, सशाचे किंवा बीव्हरचे केस वाफेवर दाबून-दाबून एकजीव केलेले असतात. बोटांचा घाम आणि तेल एकाच जागी मुरत राहिलं, घडी रोज मोडत राहिली, की चिमट्याच्या टोकाला आधी चकाकी येते, मग चीर, मग भोक. तिथे रफू बसत नाही. कड धरायची, एक हात पुढे आणि एक मागे. टेबलावर ठेवायची ती उलटी, माथा खाली. सुलटी ठेवलीस तर कडेचा बाक जातो.

आणि ही साहेबाची हॅट म्हणून तिच्याकडे परकेपणाने बघू नकोस, ती आपल्याच धंद्यातली आहे. १८८२ मध्ये पॅरिसला नाटककार सार्दूचं 'फेडोरा' नाटक आलं, त्यात सारा बर्नार्ट राजकन्या झाली होती. तिच्या डोक्यावरची मऊ हॅट आधी बायकांनी उचलली. पुरुषांत ती खरी रुजली ती १९२४ च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्स घालू लागला तेव्हापासून. इटलीत अलेस्सांद्रियाला बोर्सालिनोचा हॅटचा कारखाना मात्र १८५७ पासूनचा. १९४२ च्या 'कॅसाब्लांका' सिनेमात बोगार्टने घातली आणि मग गुप्तहेर म्हटला की फेडोरा, असं होऊन बसलं. तेव्हा दिग्दर्शकाने १८७० सालच्या साहेबाला ही चढवायला सांगितली, तर सरळ नाही म्हण. त्याला बोलर हॅट दे. फार हट्ट धरला तर दे बापडी, पण एकदा सांगितलेलं असावं.

घालायची रीत सोपी आहे. रिबिनीची गाठ डाव्या कानावर. कड पुढून खाली, मागून वर. भुवईच्या वर दोन बोटं जागा सोडायची आणि किंचित उजवीकडे कलवायची, जास्त कलवली की माणूस टपोरी दिसतो. माप घेताना टेप कानांच्या वरून, कपाळाच्या मध्यातून फिरव. सैल झाली तर आतल्या कातडी पट्टीमागे कागदाची घडी सरकव, पिन लावू नकोस.

प्रयोग संपला की आधी ती पट्टी पुसायची, कारण मेकअप तिथे साचतो. मग मऊ ब्रश, केसांच्या दिशेने, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा. दौऱ्यात भिजली तर झटक, पट्टी बाहेर काढून तिच्यावर हॅट उभी कर आणि सावलीत वाळू दे. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलीस तर कातडं आवळतं, हॅट एक नंबर लहान होते आणि नट सांगत सुटतो की ड्रेपरीवाल्याने डोकं दुखवलं. बिघडलेला आकार किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी बसवता येतो. लोकरीच्या स्वस्त फेल्टला एवढं सोसत नाही. नवी घेशील तेव्हा केसांच्या फेल्टचीच घे.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी हॅटचा डबा उघड, हॅट बाहेर काढून तासभर वाऱ्यावर ठेव आणि आत कडुनिंबाचा पाला बदल. बुरशी ब्रशने निघते, पण कसर लागली तर हॅट टाकूनच द्यावी लागते.