जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

जुनी वेगवान मोटारसायकल थोडक्या पैशांत पुन्हां धांवती करणें ही केवळ हौस नव्हे. त्यांत पदार्थविज्ञानाचा उत्तम पाठ आहे. उदाहरणार्थ राजदूत ३५० घेऊं. यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली, ३४७ घनसेंटिमीटरची, जोडसिलिंडरची ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीनें १९८३ सालीं भारतांत आणली.

हिचें इंजिन टू-स्ट्रोक आहे. अशा इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आधीं क्रँककेसमध्यें दाबलें जातें व मग सिलिंडरांत शिरतें. म्हणून मॅग्नेटकडील ऑइल सील वयोमानानें कडक झाला, तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, पिस्टन अतिशय तापतो आणि भर वेगांत जाम होऊन मागील चाक अडकवितो. एवढासा रबरी सील, पण त्यावर स्वाराचा जीव अवलंबून असतो!

यास्तव पैसे थोडे असतील, तर आम्ही पुढील क्रम सुचवितों:

१. प्रथम ब्रेक, टायर व वायरी. मूळ जपानी गाडीस पुढें डिस्कब्रेक होता. भारतीय गाडीस ड्रमब्रेकच मिळाला. तेव्हां सुधारणेचा पहिला रुपया थांबविण्याच्या शक्तीवर खर्चावा.

२. नंतर सील व बेअरिंगें.

३. मग पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन. त्यांत घासून झिजणारा भाग नसल्यामुळें ठिणगी वेळेवर पडते.

४. रंग व क्रोम सर्वांत शेवटीं.

पालकांसही विनंति कीं, मुलानें अशी गाडी मागितल्यास प्रथम त्याजकडून, जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं, तिचे ब्रेक खोलवून पुन्हां जोडवून घ्यावे. वेगाची गोष्ट त्यानंतर.