‘अड्यूतोर’ : साहाय्यक कोणास म्हणावें ?



साहाय्य करणाऱ्या पुरुषास लॅटिन भाषेंत ‘अड्यूतोर’ व स्त्रीस ‘अड्यूत्रिक्स’ म्हणतात. ‘अड्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘युवारे’ म्हणजे मदत करणें. ह्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘आनंद देणें’ असाही आहे. आपल्या ‘सहाय’ शब्दांत बरोबर चालण्याची कल्पना आहे, तर लॅटिन शब्दांत जवळ जाण्याची.

आतां प्रयोग पाहूं. इ. स. ६८ मध्यें मिसेनम येथील आरमारांतल्या लोकांची एक रोमन पलटण उभारली गेली. ‘लेगिओ’ हा पलटणवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें तिचें नांव ‘पहिली अड्यूत्रिक्स’ असें पडलें. होरेस कवीनें मात्र आपल्या एका उपहासकाव्यांत ह्या शब्दाची दुसरी बाजू दाखविली आहे. वाटेंत भेटलेला एक लोचट गृहस्थ त्यास सुचवितो कीं, माझी मायकेनासाशीं ओळख करून द्याल तर मी आपला मोठा ‘अड्यूतोर’ होईन. दुय्यम भूमिका करून मुख्य नटास साथ देणारा, असा येथें अर्थ आहे. परंतु त्या गृहस्थाची दृष्टि स्वतःच्या लाभावरच खिळलेली आहे!

साहाय्यक म्हणजे हलक्या दर्जाचा, असें मात्र कोणीं समजूं नये. ‘मिनिस्तेर’ म्हणजे सेवक, हा शब्द ‘कमी’ ह्या अर्थाच्या ‘मिनुस’पासून आला, ‘अड्यूतोर’मध्यें तसा कमीपणा नाहीं. लॅटिन पवित्र शास्त्रांत स्तोत्रकर्ते देवासच ‘अड्यूतोर’ म्हणतात. लष्करांतील ‘अ‍ॅड्जुटंट’ व राज्यपालांचा ‘एड-डी-कँप’ ह्यांचें मूळही हेंच.

येथें माझा एक अनुभव सांगतों. एका विद्यार्थ्याच्या भाषांतरांतील प्रत्येक चूक मी वर्षभर स्वतःच्या हातानें सुधारून देत असें. वही सुंदर झाली. परीक्षेंत मात्र त्यास चार वाक्यें जुळवितां आलीं नाहींत. तो रडला, आणि दोष माझा होता. मी त्याच्याजवळ गेलों नव्हतों. त्याचें काम मीं काढून घेतलें होतें. पुढील वर्षीं मी चुकीखालीं केवळ रेघ ओढूं लागलों व त्याच्या शेजारीं बसून थांबूं लागलों. वेळ फार लागे. पण चूक आपण होऊन सांपडली म्हणजे त्याचा चेहरा खुले. त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ मला तेव्हां समजला.

पालकांनींही मुलांचीं गणितें सोडवून देण्यापूर्वीं हा शब्द आठवावा. जवळ अवश्य बसावें. पेन्सिल मात्र मुलाच्याच हातीं असूं द्यावी.