पळणारा चोर आणि परवान्याचे शस्त्र

गावात चोऱ्या वाढल्या की ग्रामसभेत दोन मागण्या हटकून पुढे येतात : रात्रीची गस्त आणि बंदुकीचे परवाने. पहिली मागणी रास्त होय. दुसरीच्या मुळाशी मात्र बहुधा असा समज असतो की, परवाना मिळाला म्हणजे चोरावर गोळी झाडण्याची मुभा मिळाली.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा शस्त्र कोणी बाळगावे एवढेच ठरवितो. पोलिसांचा चौकशी अहवाल पाहून जिल्हादंडाधिकारी, आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त, परवान्याचा निर्णय करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. लग्नाच्या वरातीत हौसेने बार उडविणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, त्याच दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे.

शस्त्र केव्हा चालवावे, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये शोधावे लागते. जुन्या दंड संहितेतील खाजगी बचावाचा हक्क येथे जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो तो मोजक्या प्रसंगी : जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घरास आग लावणे, अथवा मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न करणारी चोरी. साध्या चोरीत मृत्यूखेरीज अन्य इजा करता येते, तीही आवश्यक तेवढीच.

आता चोर पळू लागला असे समजा. तो माल घेऊन पळत असेल, तर तो निसटेपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा पोलिसांचे साहाय्य येईपर्यंत हक्क टिकतो. म्हणजे त्यास अडविता येते, माल हिसकावून घेता येतो. गाठोडे टाकून तो पळाला की माल मिळाला, हक्क संपला. त्यानंतर पाठीत घातलेली गोळी हा बचाव नव्हे. याउलट माल नेताना त्याने सुरा उगारला, तर चोरीची जबरी चोरी होते व हक्काची व्याप्तीही वाढते. पण तत्क्षणीची भीती असेपर्यंतच. हल्ला चालू असता बळ किती वापरावे हे सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. तरी बचावाची परिस्थिती दाखवून देण्याचा भार आरोपीवरच असतो. सद्भावनेने पण मर्यादा ओलांडून केलेले कृत्य खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकते. तोही तुरुंगवासाचाच मार्ग.

घरातील चोरीसारखा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला, तर कोणाही नागरिकास चोरास पकडता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्यास विनाविलंब व सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पकडलेल्यास खांबाला बांधून चोपण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे केवळ मुले पळविणारे असल्याच्या संशयावरून भटक्या समाजाच्या पाच जणांचा जमावाने बळी घेतला. तेथे चोरीही नव्हती आणि चोरही नव्हते.

गस्त घालणाऱ्या मंडळींना सरपंचांनी व पोलीस पाटलांनी हे आधीच समजावून द्यावे. संशयित सापडताच ११२ क्रमांकावर कळवावे. पकडल्याची वेळ, जागा, मिळालेला माल आणि अंगावरील जखमा त्याच वेळी लिहून ठेवाव्यात. सहा तासांची गणना त्या नोंदीवरूनच होते.