रंगांची साक्ष

प्रस्तावना

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने उभारले. इ. स. १०१० च्या सुमारास ते पूर्ण झाले. याच मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायक राजवटीत त्यांवर नवा थर देऊन दुसरी चित्रे काढली गेली. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी खालची चित्रे उजेडात आणली. हा मार्ग सर्वसामान्य दर्शनार्थींसाठी खुला नसतो. त्यामुळे बहुतेकांना या चित्रांचे दर्शन प्रतिकृतींतून व छायाचित्रांतूनच घडते. प्रतिकृतीतील रंग चुकला, तर पाहणाऱ्याला मूळ रंग कधी कळतच नाही.

आज हीच जबाबदारी चित्रफीत तयार करणाऱ्यावरही येते. ती कशी पार पाडावी, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
- पूर्ण पातळी व मर्यादित पातळी यांतील फरक सांगू शकाल;
- निर्यात केलेल्या चित्रफितीत रंग का बदलतात, याचे कारण देऊ शकाल;
- रंगांची पातळी तपासून पाहू शकाल.

मूळ पाठ

१. आकड्यांतील प्रकाश

समजा, तुम्ही एका तंजावरी चित्रकाराच्या कामावर चित्रफीत तयार केली आहे. मराठा राजवटीत भरभराटीस आलेल्या या शैलीत लाकडी फळीवर कापड चिकटवतात, त्यावर उठावाचे काम करतात आणि उठावावर सोन्याचा वर्ख बसवतात. गडद पार्श्वभूमी आणि झळाळणारे सोने यांतील अंतर हेच या चित्राचे सौंदर्य होय.

कॅमेरा हे अंतर आकड्यांत नोंदवतो. संगणकावरील चित्रांत सामान्यतः ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. हिला पूर्ण पातळी म्हणतात. दूरचित्रवाणीच्या परंपरेत मात्र काळा १६ वर व पांढरा २३५ वर ठेवतात. संकेत क्षणभर वरखाली झाला तरी तो छाटला जाऊ नये, म्हणून दोन्ही टोकांना जागा राखलेली असते. हिला मर्यादित पातळी म्हणतात.

पूर्ण पातळीतील आकडा मर्यादित पातळीत न्यायचा असेल, तर त्याला २१९ ने गुणावे, २५५ ने भागावे आणि आलेल्या संख्येत १६ मिळवावेत. दोन्ही पद्धती निर्दोष आहेत. फाइलमध्ये कोणती पद्धत वापरली आहे, हे पुढच्या यंत्राला ठाऊक असले म्हणजे झाले.

२. चूक कोठे होते

फाइलमध्ये चित्रासोबत एक खूण असते. आतील आकडे कोणत्या पातळीचे आहेत, हे ती सांगते. खूण आणि आकडे यांची फारकत झाली की रंग बिघडतात.

फाइल पूर्ण पातळीची आणि खूण मर्यादित पातळीची असेल, तर यंत्र आकडे ताणते. वर्खावरील २३८, २४४ व २५० या तिन्ही छटा २५५ होतात. उठावाचे नाजूक काम पुसले जाऊन तेथे केवळ पांढरा डाग उरतो. सावलीतील ६, १० व १४ हे आकडे ० वर येतात आणि केसांच्या बटा अंधारात बुडतात. उलट घडल्यास काळा रंग करडा होतो आणि सोने पितळेसारखे निस्तेज दिसते.

दोष केवळ खुणेत असेल, तर खूण सुधारून चित्र परत मिळते. परंतु निर्यातीच्या वेळीच आकडे छाटले गेले, तर त्या फाइलमधून ते परत येत नाहीत. म्हणून मूळ चित्रण व संकलनाची फाइल जपून ठेवावी.

आणखी एक खूण रंगांच्या मानकाची असते. जुन्या दूरचित्रवाणीसाठी ६०१ आणि उच्च स्पष्टतेच्या चित्रासाठी ७०९ हे मानक आहे. यांची अदलाबदल झाल्यास विशेषतः लाल व हिरव्या छटा सरकतात.

३. घ्यावयाची काळजी

संकलनाच्या आरंभीच कॅमेऱ्याची फाइल कोणत्या पातळीची आहे, ते पाहावे. निर्यात करताना पातळी आणि खूण एकमेकींशी जुळवून घ्यावी. सर्वसाधारण प्रसारणासाठी मर्यादित पातळी व ७०९ मानक योग्य ठरते.

प्रायोगिक प्रतीच्या आरंभी काही सेकंद करड्या पायऱ्यांची पट्टी ठेवावी. तिच्यात काळा, काळ्याच्या अगदी जवळची छटा, मधल्या छटा, पांढऱ्याच्या जवळची छटा आणि पांढरा हे क्रमाने असावेत. निर्यात झालेली फाइल पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आणून पट्टीचे आकडे वेव्हफॉर्म आलेखावर ताडून पाहावेत. नंतर तीच फाइल दुसऱ्या संगणकावर, मोबाइलवर व दूरचित्रवाणीवर पाहावी. एकाच पडद्यावर दोष दिसला, तर त्या यंत्राची मांडणी आधी तपासावी.

येथे एक मोह टाळला पाहिजे. चित्र फिके दिसले की अनेकजण संकलनात रंग गडद करतात. त्यामुळे मूळ चूक तशीच राहते आणि तिच्यावर दुसरी चढते. नायककालीन थराखाली चोळांची चित्रे निदान शाबूत राहिली. छाटलेल्या आकड्यांखाली मात्र काहीच उरत नाही.

पाठगत प्रश्न

१. मर्यादित पातळीत काळा व पांढरा कोणत्या आकड्यांवर असतात?
२. पूर्ण पातळीतील १२८ हा आकडा मर्यादित पातळीत सुमारे किती होईल?

शब्दार्थ

निर्यात – संकलित चित्रफितीची अंतिम फाइल तयार करणे
वर्ख – धातूचा अतिशय पातळ पत्रा
छटा – रंगाचा सूक्ष्म भेद
फारकत – ताटातूट

स्वाध्याय

१. 'खूण आणि आकडे यांची फारकत' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. फिक्या दिसणाऱ्या चित्रफितीत लगेच रंग गडद करणे अयोग्य का, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या चित्राचे किंवा वस्त्राचे चित्रण करा. मूळ वस्तू शेजारी ठेवून रंग पडताळा व आढळलेले फरक नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. काळा १६ वर, पांढरा २३५ वर.
२. १२६.